जखम नखाएवढी, मग मान का उघडायची? तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन समजून घेताना

गालाच्या आत नखाएवढी जखम. तिचा तुकडा तपासून रिपोर्ट आलाय, कॅन्सर आहे. आणि समोर बसलेले सर्जन सांगतायत की गालाचा तेवढा भाग काढावा लागेल, त्याला लागून असलेलं जबड्याचं हाड काढावं लागेल, त्या बाजूची मान पूर्ण साफ करावी लागेल आणि छातीचं किंवा पायाचं मांस आणून ती जागा भरावी लागेल. सकाळी आत गेलेला पेशंट संध्याकाळी बाहेर येईल. घरची माणसं ओपीडीतून बाहेर पडतात आणि पहिला प्रश्न एकच असतो: एवढ्याशा जखमेला एवढं सगळं कशाला?

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं नीट उत्तर मिळालं नाही की काही जण तिथूनच मागे फिरतात. कुणी काढा घेतं, कुणी लेप लावतं, कुणी "आधी दुसरं मत घेऊ" म्हणत महिने घालवतं. दुसरं मत जरूर घ्यावं, पण ते आठवड्याभरात घ्यावं. कारण तोंडाच्या कॅन्सरमध्ये पहिलं ऑपरेशन हीच बरं होण्याची सर्वांत मोठी संधी असते. दुसऱ्यांदा ऑपरेशन करायची वेळ आली तर तोपर्यंत पुष्कळ काही हातचं गेलेलं असतं. म्हणून पहिल्याच खेपेला एवढं सगळं का काढतात, हे समजून घेणं पेशंटसाठी आणि घरच्यांसाठी फार महत्त्वाचं आहे.

हा आजार सुरू कुठे होतो ते आधी थोडक्यात. युरोप-अमेरिकेत तोंडाचा कॅन्सर बहुधा जिभेवर किंवा जिभेखाली दिसतो. आपल्याकडे जिभेचा आहेच, पण गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेतला फार. तंबाखूची गोळी, गुटखा, मावा जिथे दाबून ठेवतात तीच ही जागा. बायकांमध्ये मिश्री. आणि नुसती सुपारी निरुपद्रवी असते हा समज चुकीचा आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाच, तंबाखू नसली तरी, कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. सुपारीने गालाची आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. दोनच जात असतील तर तोंड तपासून घ्यायची वेळ आलेली आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि तरी शाळेजवळच्या टपरीवर सुपारीची आणि तंबाखूची वेगवेगळी पुडी जोडीने मिळते. याची मला मनापासून चीड येते.

तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, कारण नसताना हलायला लागलेला दात. यापैकी काहीही असलं तर बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांवर आणखी एक महिना काढायचा नाही. हलणारा दात काढला आणि ती खाच भरलीच नाही, उलट तिथे मांस वाढायला लागलं, अशी हकीकत सांगणारे पेशंट कॅन्सरच्या ओपीडीत नेहमी भेटतात. दात हलत होता तो त्याच्या मुळाशी आजार पोचल्यामुळे.

तुकडा काढल्याने पसरत नाही

"चाकू लागला की कॅन्सर पसरतो", "गाठीला हवा लागली की उसळतो" हे आपल्या घराघरांत पक्कं बसलेलं आहे. यामुळे बायॉप्सीला नकार देणारी माणसं आहेत. तोंडातल्या जखमेच्या कडेचा छोटासा तुकडा काढून तपासल्याने आजार पसरत नाही. तो नक्की काय आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय कुणीही जबाबदार डॉक्टर जबड्याला हात लावणार नाही, आणि लावूही नये.

हा समज आला कुठून, तेही लक्षात येतं. पूर्वी लोक इतके उशिरा यायचे की ऑपरेशननंतरही आजार उलटायचा, आणि दोष चाकूवर जायचा. दुसरं कारण म्हणजे अर्धवट ऑपरेशन. कॅन्सर आहे याची कल्पना नसताना कुणी जखम नुसती वरवर कापून काढली, कडा तपासल्या नाहीत, तर उरलेला आजार वाढणारच. तो चाकूमुळे वाढत नाही, मागे राहिल्यामुळे वाढतो.

बायॉप्सीनंतर सीटी स्कॅन किंवा एमआरआय. साधारणपणे हाड खाल्लंय का हे सीटीत चांगलं कळतं, जिभेच्या स्नायूत आजार किती खोल गेलाय हे एमआरआयमध्ये. यावरून स्टेज ठरते. आणि इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, कारण "चौथी स्टेज" हे दोन शब्द ऐकून लोक घरी निघून जातात. तोंडाच्या कॅन्सरने जबड्याचं हाड पोखरलं की तो थेट चौथ्या स्टेजमध्ये धरला जातो, मग तो शरीरात दुसरीकडे कुठेही गेलेला नसला तरी. चौथ्या स्टेजचे पोटप्रकार आहेत. पहिल्या पोटप्रकारातल्या बहुतेकांचं ऑपरेशन होऊ शकतं, आणि ते बरं करण्याच्या उद्देशानेच केलं जातं. कवटीच्या तळाशी पोचलेला, मेंदूकडे जाणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला वेढा घातलेला किंवा फुप्फुसात उतरलेला आजार ही वेगळी गोष्ट. तेव्हा डॉक्टरांना विचारायचं ते हे: चौथीतली कुठली, आणि ऑपरेशन होण्यासारखं आहे का?

दिसतं त्याच्या पलीकडचं

आता मुख्य प्रश्नाकडे. गाठ डोळ्यांना दिसते आणि बोटाला लागते तिथेच ती संपत नाही. तिच्या कडेने कॅन्सरच्या पेशी शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या मांसात शिरलेल्या असतात, कधी चार-दोनच्या झुबक्यांनी, कधी नसेच्या कडेकडेने. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, स्कॅनमध्येही दिसत नाहीत. म्हणून सर्जन गाठीच्या चारी बाजूंनी साधारण एक सेंटिमीटर निरोगी भाग सोबत घेऊन कापतात. चारी बाजूंनी म्हणताना खालची बाजू विसरायची नाही. पृष्ठभागावर छोटीशी दिसणारी जखम आत स्नायूत खोल गेलेली असू शकते, आणि आजार मागे राहण्याचा धोका बहुधा खोलवरच्या बाजूलाच जास्त असतो. २०१८ पासून वापरात आलेल्या स्टेजिंगमध्ये जखमेच्या लांबी-रुंदीबरोबर तिची खोलीही धरली जाते, ती यासाठीच.

काढलेला तुकडा ट्रेमध्ये टाकून काम संपत नाही. तो तोंडात होता तसाच टेबलावर मांडतात आणि त्याच्या कडांना खुणेचे टाके घालतात, समजा पुढच्या कडेला आखूड दोरा, वरच्या कडेला लांब. म्हणजे तपासणाऱ्याला कळतं की कुठली बाजू ओठाकडची आणि कुठली घशाकडची. शंका असेल तिथली पातळ चकती तिथल्या तिथे गोठवून तपासायला पाठवतात आणि अर्ध्या तासाच्या आसपास पॅथॉलॉजिस्टचा निरोप ऑपरेशन थिएटरमध्ये येतो. कडेला पेशी सापडल्या तर त्याच वेळी आणखी भाग काढता येतो. नंतर तो तुकडा फॉर्मलिनमध्ये, म्हणजे मांस टिकवणाऱ्या द्रवात, जातो, कडांवर शाई लावतात, आणि गाठीपासून शाईपर्यंतचं अंतर सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरमध्ये मोजतात. पाच मिलिमीटर किंवा जास्त भरलं तर कडा मोकळ्या. त्याहून कमी असेल तर कडा जवळच्या, आणि शाईवरच पेशी असतील तर आजार मागे राहिल्याची शक्यता धरून पुढचे उपचार ठरतात. टेबलावर एक सेंटिमीटर सोडलं होतं ते रिपोर्टात सहा-सात मिलिमीटरच कसं, असा प्रश्न नातेवाईक विचारतात. काढल्यावर मांस आक्रसतं, फॉर्मलिनमध्ये आणखी आक्रसतं.

हाडाचंही गणित हेच. गालाच्या खाचेतली गाठ हिरडीला चिकटलेली असते आणि हिरडीखाली लगेच हाड. आजार हाडाला नुसता टेकलेला असेल तर जबड्याची वरची कड दातांसकट तासून काढतात आणि खालची पट्टी अखंड ठेवतात. चेहऱ्याचा आकार राहतो. पण आजार हाडाच्या आत शिरलेला असेल तर त्या भागाचा जबडा पूर्ण जाडीचा काढावा लागतो. वय झालेल्या, दात पडलेल्या माणसाचा जबडा झिजून बारीक झालेला असतो. त्याची कड तासली तर उरलेली पट्टी घास चावतानाच मोडेल, म्हणून तिथेही पूर्ण तुकडा काढणं भाग पडतं. हे सर्जनच्या हौसेचं काम नाही. थोडं वाचवायला जाऊन आजार मागे सोडला, तर पुढच्या वेळी वाचवण्यासारखं काही उरत नाही.

मानेचा हिशोब

पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं हे आपल्याला माहीत असतं. पायाकडून येणारा लसिकेचा, म्हणजे मांसातून झिरपणाऱ्या पातळ द्रवाचा, प्रवाह जांघेतल्या ग्रंथींमधून जातो म्हणून. तोंडाचा प्रवाह मानेतल्या ग्रंथींमधून जातो. तोंडातला कॅन्सर बाहेर पडायला निघाला की त्याचा पहिला मुक्काम बहुधा तिथेच, जबड्याखाली आणि मानेच्या वरच्या भागात. तिथली एखादी जरी ग्रंथी आजाराच्या ताब्यात गेली तरी बरं होण्याची शक्यता जवळपास निम्म्यावर येते. तोंडाच्या कॅन्सरमध्ये पेशंटचं पुढे काय होणार हे सांगणारी याहून मोठी गोष्ट नाही.

मानेचं ऑपरेशन पद्धतशीरपणे मांडलं ते अमेरिकेत क्लीव्हलँडच्या जॉर्ज क्राइल यांनी, १९०६ मध्ये, स्वतः केलेल्या १३२ ऑपरेशनांच्या आधारे. त्यात ग्रंथींबरोबर मानेतला मोठा स्नायू, मोठी शीर आणि खांदा उचलणारी नस हे सगळं एकत्र काढून टाकत. आजार निघायचा, पण माणसाचा खांदा कायमचा उतरायचा. हात डोक्याच्या वर जात नसे, केस विंचरता येत नसत. न्यूयॉर्कचे हेज मार्टिन यांच्यासारख्या सर्जननी हेच मोठं ऑपरेशन दशकानुदशकं चालवलं. मग १९६० च्या दशकात अर्जेंटिनाचे ओस्वाल्डो सुआरेझ आणि इटलीचे एत्तोरे बोका यांनी दाखवलं की ग्रंथी ज्या चरबीच्या थरात असतात तो थर त्याच्या आवरणासकट उचलून काढता येतो, आणि स्नायू, शीर, नस जागेवर ठेवता येतात. आज मान साफ करणं म्हणजे बहुतेक पेशंटमध्ये हे. तोंडाच्या सुरुवातीच्या आजारात तर मानेच्या वरच्या दोन-तृतीयांश भागातल्याच ग्रंथी काढतात.

पण खरा वाद वेगळाच होता. मानेत हाताला काही लागत नाही, स्कॅनमध्ये काही दिसत नाही, अशा माणसाची मान उघडायची का? अशा दर शंभर जणांत वीस ते तीस जणांच्या ग्रंथींमध्ये आजार लपलेला असतो. म्हणजे सत्तर-ऐंशी जणांची मान, म्हटलं तर, विनाकारण उघडली जाणार. एका बाजूचे डॉक्टर म्हणायचे, आधीच काढा. दुसऱ्या बाजूचे म्हणायचे, लक्ष ठेवा, गाठ आली तर तेव्हा काढू. दोन्ही बाजूंना अनुभवी माणसं होती, आणि हा वाद पन्नास वर्षांच्या वर जगभर चालला.

तो निकालात निघाला मुंबईत, परळला. टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात ५९६ पेशंटना एका चाचणीत घेतलं. तोंडाचा सुरुवातीचा कॅन्सर, मानेत काही नाही. चिठ्ठी टाकल्यासारखी यदृच्छेने दोन गटांत विभागणी केली. एका गटाची मान तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच साफ केली, दुसऱ्या गटावर नियमित लक्ष ठेवलं आणि गाठ आली तरच मान उघडली. पहिल्या ५०० जणांचा हिशोब मांडला तेव्हा फरक इतका स्पष्ट होता की चाचणी पुढे चालवण्याची गरज उरली नाही. तीन वर्षांनी पहिल्या गटात शंभरातले ८० जण हयात होते, दुसऱ्या गटात ६७.५. आठ जणांची मान आधीच साफ केली तर एक मृत्यू टळतो, असा त्याचा अर्थ. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०१५ मध्ये हे निष्कर्ष आले आणि जगभरातल्या डॉक्टरांच्या शिफारशींना त्यांनी भक्कम आधार दिला.

"लक्ष ठेवू" हा मार्ग का हरला, तेही त्याच आकड्यांत दिसलं. लक्ष ठेवलेल्या गटात मानेत गाठ आली तेव्हा ती बरीचशी पुढे गेलेली असायची, ग्रंथीचं आवरण फोडून बाहेर आलेली. दर एक-दोन महिन्यांनी तपासणी होत असूनही. आपल्याकडे तर पेशंट गावाकडे जातो, पेरणी येते, गाडीभाडं नसतं, बरं वाटतंय म्हणून एक तारीख चुकते. ही चाचणी आपल्या माणसांवर, आपल्या परिस्थितीत झाली आहे. परदेशातल्या आकड्यांवर विसंबून इथल्या पेशंटला सल्ला द्यावा लागला नाही, याचं मला फार मोल वाटतं.

मान उघडण्याची किंमत आहेच. कानाच्या पाळीला आणि मानेच्या कातडीला बधिरपणा येतो. ओठाचा कोपरा खाली ओढणारी बारीक नस ऑपरेशनमध्ये दुखावली तर हसताना ओठ वाकडा दिसतो, बहुतेकदा काही महिन्यांत सुधारतो. खांद्याची नस शाबूत ठेवली तरी खांदा काही काळ दुखतो. सुरुवातीच्या आजारात फक्त पहिल्या एक-दोन ग्रंथी शोधून तपासायच्या आणि त्यांत आजार असेल तरच पूर्ण मान साफ करायची, ही पद्धत फ्रान्स आणि जपानमधल्या चाचण्यांत चांगली ठरली आहे. त्यासाठी वेगळी यंत्रणा आणि सराव लागतो, त्यामुळे सगळीकडे ती मिळेलच असं नाही.

काढलेली जागा भरायची कशी

ऑपरेशनचा निम्मा वेळ, कधी त्याहून जास्त, काढून झाल्यानंतरच्या कामाला लागतो. गालाला आरपार भोक राहिलं तर खाल्लेलं बाहेर येणार, लाळ गळत राहणार. समोरचा जबडा गेला तर जिभेचा आधार जातो आणि ती मागे घशात पडते. म्हणून भरणं हे दिसण्यापुरतं नसतं.

नुसती कातडी सोलून आणून तोंडातल्या खोल खड्ड्यात लावली तर ती टिकत नाही. रोप उपटून नेताना मुळांभोवतीचा मातीचा गोळा सोबत न्यावा लागतो, तसं इथे मांस आपल्या रक्तवाहिनीसकट आणावं लागतं. याला फ्लॅप म्हणतात. जुना भरवशाचा फ्लॅप छातीचा. अमेरिकेतले सर्जन स्टीफन एरियन यांनी १९७९ मध्ये तो मांडला. छातीच्या मोठ्या स्नायूचा पट्टा, वरच्या कातडीच्या तुकड्यासह, त्याची रक्तवाहिनी न तोडता मानेच्या कातडीखालून वर फिरवून तोंडात आणतात. सूक्ष्मदर्शक लागत नाही, वेळ कमी लागतो, खर्च कमी. भारतातल्या गर्दीच्या हॉस्पिटलांत त्याने किती माणसं तारली असतील याची मोजदाद नाही. अडचणी आहेत: मान जखडल्यासारखी वाटते, आणि पुरुषांमध्ये छातीच्या कातडीवरचे केस तोंडात उगवत राहतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण आधी कुणी सांगितलेलं नसेल तर पेशंट भलताच घाबरतो. किरणोपचार झाले तर ते बहुधा कमी होतात.

दुसरा प्रकार म्हणजे रक्तवाहिनी पूर्ण कापून मांस दूरवरून आणायचं आणि मानेतल्या रक्तवाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली जोडायचं. गालासाठी किंवा जिभेसाठी मनगटाजवळची पातळ कातडी किंवा मांडीची कातडी, जबड्यासाठी पायाच्या पोटरीतलं बारीक हाड. नडगीच्या शेजारचं हे हाड शरीराचा फार थोडा भार घेतं. गुडघ्याजवळचा आणि घोट्याजवळचा भाग ठेवून मधलं हाड काढलं तरी माणूस पुढे चालतो. न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये ते जबड्यासाठी वापरल्याचं प्रसिद्ध केलं. ते सरळ हाड दोन-तीन ठिकाणी कापून जबड्याच्या वळणाचं करतात, धातूच्या पट्टीने बसवतात, आणि पुढे त्यात दातही बसवता येतात. रक्तवाहिनी दोन-तीन मिलिमीटर जाडीची, टाक्यांचा दोरा केसाहून बारीक.

या जोडणीचा कस लागतो पहिल्या दोन-तीन रात्री. पहिल्या दिवशी नर्स साधारण दर तासाला येते, टॉर्च तोंडात धरते, बोटाने फ्लॅप दाबते आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघते. गरज पडली तर बारीक सुईने टोचून रक्ताचा थेंब बघतात. ताजा लाल थेंब आला तर ठीक. थेंबच आला नाही आणि फ्लॅप पांढराफटक दिसला तर रक्त आत येत नाहीये. काळसर निळा दिसला तर बाहेर जात नाहीये. दोन्हीत पेशंटला ताबडतोब परत थिएटरमध्ये नेतात, मग रात्रीचे तीन वाजलेले असोत. काही तासांत जोडणी मोकळी केली तर फ्लॅप पुष्कळदा वाचतो. रात्री अचानक परत आत नेलं म्हणून नातेवाईक हादरतात. आत नेणं हे वेळेत लक्षात आल्याचं लक्षण आहे.

कुठला फ्लॅप चांगला, हे पेशंटवर ठरतं. समोरचा जबडा गेला असेल तर हाड आणायलाच हवं. बाजूचा जबडा, वय जास्त, हृदयाचा त्रास, अशा वेळी छातीचा फ्लॅप हा कमी दर्जाचा उपाय नाही, शहाणपणाचा उपाय आहे.

वॉर्डातले दिवस

ऑपरेशननंतर पेशंट पहिल्यांदा दिसतो तेव्हा घरच्यांना धक्का बसतो. चेहरा सुजलेला, नाकात अन्नाची नळी, मानेतून निघणाऱ्या नळ्यांच्या टोकाला रक्ताळ पाण्याच्या डब्या, आणि बऱ्याचदा गळ्यासमोर श्वासासाठी छिद्र. हे छिद्र कॅन्सर घशात गेल्यामुळे पाडलेलं नसतं. तोंडातल्या सुजेने श्वास अडू नये म्हणून ती काळजी असते, आणि सूज उतरली की साधारण आठवड्याभरात नळी काढतात, भोक आपोआप बुजतं. तोवर आवाज निघत नाही. पाटी किंवा वही-पेन आधीच जवळ ठेवा. लिहिता न येणाऱ्यासाठी पाणी, दुखतंय, कूस बदला अशा खुणा ऑपरेशनआधी घरच्यांनी ठरवून ठेवल्या तर पहिले चार दिवस खूप सोपे जातात. नाकातल्या नळीतून दूध, डाळीचं पाणी, गाळलेलं सूप, अंडं घुसळून, असं ठरलेल्या वेळी द्यायचं. टाके भरेपर्यंत तोंडाने थेंबही नाही.

आठ-दहा दिवसांत रिपोर्ट येतो. त्याची प्रत मागून घ्या आणि चार गोष्टी विचारा. कडा मोकळ्या आहेत का. आजाराची खोली किती. मानेतल्या किती ग्रंथी तपासल्या आणि कितींमध्ये आजार निघाला. आणि आजार ग्रंथीचं आवरण फोडून बाहेर आलाय का. तपासलेल्या ग्रंथी १८ किंवा जास्त असतील तर मान नीट साफ झाल्याचं ते चांगलं लक्षण मानतात.

आजार लहान, कडा मोकळ्या, ग्रंथी स्वच्छ, तर बऱ्याच जणांना पुढे काही लागत नाही. मोठी गाठ, हाडात शिरलेला आजार किंवा ग्रंथींत आजार असेल तर किरणोपचार. कडेला पेशी राहिल्या किंवा ग्रंथी फुटलेली असेल तर किरणांबरोबर सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. ते जोडल्याने फायदा होतो हे २००४ मध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवलं. किरणोपचार साधारण सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार, सुमारे ३० बैठका, आणि ते ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवेत. हे सहा आठवडे कॅलेंडरवर लिहून ठेवा. जखम भरली, घरी जाऊन लग्नकार्य उरकून येतो म्हणून दोन महिने गेले, की मागे राहिलेल्या चार पेशींना तेवढी मुदत मिळते. किडलेले दात किरणोपचाराआधी काढून घ्यायचे. किरण घेतलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाड न भरता कुजू शकतं. पुढे कधीही दात काढायची वेळ आली तर दाताच्या डॉक्टरांना आधी सांगायचं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, किरणोपचार आणि केमो बसतात. रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा. खर्च झाल्यावर तो परत मिळवणं अवघड असतं. मुंबईत सहा आठवडे राहायचं कुठे हा किरणोपचार अर्धवट सोडण्यामागचा मोठा प्रश्न. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे पेशंट आणि सोबतच्या माणसाची सोय होते. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातून चिठ्ठी घेऊन जावं. जागा भरलेल्या असतात, तेव्हा ऑपरेशनची तारीख मिळाली की लगेच विचारणा करा.

घरी आल्यावर तोंड उघडण्याचा व्यायाम हा औषधाइतकाच महत्त्वाचा. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दाढांमध्ये धरायच्या, मिनिटभर ताण द्यायचा, आठवड्याला एखादी काडी वाढवायची. दुखतं, पण कंटाळा केला तर किरणोपचारानंतर तोंड इतकं आवळतं की चमचाही जात नाही. काड्या कितीपर्यंत पोचल्या ते वहीत लिहा. कमी व्हायला लागल्या तर दाखवायला जा. खांद्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. भिंतीवर बोटं चढवत हात वर नेणं हा त्यांतला सोपा. जेवण आधी पातळ, मग मऊ भात, खिमट, मग भाकरी दुधात कुस्करून.

आणि तंबाखू, सुपारी, मिश्री पूर्ण बंद, घरातल्या सगळ्यांची. एकाच पुडीतून वर्षानुवर्षं खाल्लेल्या भावाचं आणि मित्रांचं तोंडही तपासून घ्या.

आजार उलटायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. म्हणून या काळात दर एक-दोन महिन्यांनी तपासणी, मग अंतर वाढवत पाच वर्षं, आणि पुढेही वर्षातून एकदा, कारण त्याच तोंडात दुसऱ्या जागी नवा कॅन्सर होऊ शकतो. दोन तारखांच्या मधे मानेत गाठ हाताला लागली, तोंडात नवी जखम दिसली, गिळताना कानात कळ यायला लागली किंवा तोंड पुन्हा आवळायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. फाइल घ्यायची आणि त्याच आठवड्यात ओपीडीत जायचं.